फीबीचे ओठ

मी एक तसबीर आहे, दोन बहिणींची. डावीकडे हेस्टर उभी आहे, हातात गाण्याचे कागद घेऊन. उजवीकडे फीबी बसली आहे. मांडीवर गिटार, मान किंचित वर, ओठ विलग. माझ्यासमोर आलेली माणसं आपोआप हळू बोलू लागतात. कोणी म्हणतं, "रंग बघ, काल दिल्यासारखे वाटतात." कोणी म्हणतं, "धाकटी आता गाईल असं वाटतं, नाही?" हे दुसरं वाक्य कानावर पडलं की वाटतं, खिळा निसटावा आणि मी तोंडघशी खाली पडावं.

त्या ओठांची गोष्ट मला ठाऊक आहे. अडीचशे वर्षं ती गिळून मी भिंतीवर बसले आहे. आज सांगून टाकते.

माझा जन्म इंग्लंडातल्या बाथ गावचा. मुळात मी जवसाच्या धाग्याचं साधं कापड. हार्नकाकांनी मला चौकटीवर ताणून ठोकलं, खळ चढवली, वरून तांबूस रंगाचा एक हात दिला आणि भिंतीला टेकवून ठेवलं. डॅनियल हार्न हे तेव्हा गावातले नावाजलेले चित्रकार. गरम पाण्याच्या कुंडांवर उपचाराला आलेले लॉर्ड, लेडी, संधिवाताने वाकडे झालेले कर्नल, सगळे त्यांच्याकडून आपले चेहरे काढून घेत. काका म्हणायचे, "चेहरे काढतो ते पोटासाठी. जिवासाठी गाणं ऐकतो." आणि त्यांचं गाणं म्हणजे शेजारच्या टॅरंटांच्या मुलींचं.

जोसाया टॅरंट गाण्याचे मास्तर. बायको लवकर गेली, मागे दोन मुली. हिवाळ्यात गाव पाहुण्यांनी भरलं की ते जलसे भरवायचे आणि मुली गायच्या. हेस्टर वीस वर्षांची, फीबी सतरा. हेस्टरचा आवाज उंच आणि स्वच्छ, टाळ्या कडाडून पडायच्या. फीबीचा आवाज खालचा, भरदार, उबदार. तिचं गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवायला जरा विसरायचेच. यात मोठी कोण आणि धाकटी कोण, हे ज्यांना कान होते त्यांना कळत होतं. हेस्टरलाही कान होते.

टॅरंटांना वाटलं, दोघींची मोठी तसबीर जलशाच्या दालनात दाराशी लावावी. डोलीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना आधी मुली दिसाव्यात, मग ऐकू याव्यात. काकांनी आनंदाने होकार दिला.

ऑक्टोबरच्या अखेरीस दोघी येऊन बसू लागल्या. काकांची खोली वरच्या मजल्यावर, उत्तरेला मोठी खिडकी. टर्पेंटाइनच्या वासाने काकांचं डोकं दुखायचं, म्हणून खिडकी सताड उघडी. मुलींच्या अंगात खांदे उघडे टाकणारे पातळ रेशमी झगे.

"काका, माझ्या नाकाचं पाणी चित्रात येईल हं," फीबी म्हणायची.

"आलं तर मोती म्हणून खपवीन. मान वर कर."

"मान वर केली तर मोती घशात जाईल."

"फीबी, तू जरा गप्प बसलीस तर हे चित्र आपल्या हयातीत पुरं होईल," हेस्टर म्हणायची. पण तिलाही हसू यायचं. काका हसता हसता रंग लावत, आणि मी हळूहळू त्या दोघी होत गेले. फार सुखाचे दिवस होते ते. मला वाटायचं, जगात माझ्याइतकं भाग्यवान कापड नसेल.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं झालं, फक्त फीबीचे ओठ राहिले. काकांनी ते तीनदा काढले आणि तीनदा पुसले. हसरे काढले की बाहुलीचे वाटत, मिटलेले काढले की रुसल्यासारखे दिसत. जलसा गुरुवारी होता. सोमवारी सकाळी फीबी आली ती गळ्याला फ्लॅनेलची पट्टी गुंडाळून.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"घसा धरलाय. गिळताना काटे टोचतायत."

काकांनी कुंचला खाली ठेवला. "मग घरी जा कशी. ओठांचंच राहिलंय, ते महिन्याने करू. तसबीर पुढच्या जलशाला लावू."

"पुढच्या नाही काका, याच," हेस्टर म्हणाली. "बाबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. आणि हिच्या घशाचं काय घेऊन बसलात? रियाझाची वेळ झाली की तो दुखतो."

"ताई, आज खरंच दुखतोय."

"मागच्या महिन्यातही खरंच दुखत होता. बाबा बाहेर पडले आणि बाईसाहेबांनी दोन बन खाल्ले, मुरंब्यासकट."

ते खरं होतं. फीबीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानेच घात केला. काकांना वाटलं, फार नसेल दुखत. त्यांनी कुंचला उचलला.

"बरं, थोडाच वेळ. पट्टी काढ. आणि नुसतं तोंड उघडून बसू नकोस, मासा दिसतेस. गा. गाताना तुझे ओठ कसे होतात ते मला पाहिजे."

फीबी गायली. आईच्या माहेरचं एक संथ गाणं होतं. पहिले सूर खरखरीत निघाले, मग सरळ झाले. उघड्या खिडकीतून धुकं आत येत होतं. काका वेळ विसरले. थोडा वेळ म्हणता म्हणता दोन तास झाले. मधे दोनदा फीबीचा हात गळ्याकडे गेला, आणि दोनदा हेस्टर म्हणाली, "हात खाली." शेवटची ओळ काकांनी पाच वेळा म्हणवून घेतली. "आता एकदाच, बाळ. जमत आलंय."

आता माझा अपराध सांगते. तुम्ही म्हणाल, कापडाच्या तुकड्याचा कसला अपराध? तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, खरं आहे. पण मला ती थांबायला नकोच होती. कुंचला ओठांवर फिरत होता, कधी नव्हे ते ओठ जिवंत होत होते, आणि मी मनात म्हणत होते, अजून गा. एकदा अजून. तिचा आवाज फाटतोय हे मला काकांच्या आधी कळलं होतं. सूर माझ्या ताणलेल्या अंगावर येऊन आदळत होता ना. तरी मला पूर्ण व्हायची घाई झाली होती.

गुरुवारी मी दालनात दाराशी लागले. माझे ओठ अजून ओले होते, आणि फीबी तेव्हा तापाने बेशुद्ध होती.

पुढचं मी टॅरंट आणि काकांच्या बोलण्यातून ऐकलं. घसा आतून सुजून पांढरा पडला होता. डॉक्टरांनी गळ्याला जळवा लावल्या. तीन आठवडे पेजेचा घोट उतरत नव्हता. हेस्टर उशाशी बसून राहायची, कोणाशी बोलायची नाही. नाताळात फीबी उठून बसली आणि तिने पाणी मागितलं, तेव्हा खोलीत दुसरंच कोणी बोललं की काय म्हणून बापाने मागे वळून पाहिलं. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झाला होता. बोलता येत होतं. गाणं गेलं ते गेलंच.

टॅरंटांनी गावात सांगितलं, "धाकटीचं मन देवाधर्माकडे वळलंय. तिने आपणहून गाणं सोडलं." घशाच्या रोगाची बातमी फुटली तर मोठीच्या जलशालाही कोणी येणार नाही, ही त्यांना धास्ती. फीबी काही बोलली नाही. ती गिटार घेऊन हेस्टरच्या साथीला बसू लागली. दर जलशाला माझ्याखालूनच आत जायची, आणि मान खाली घालून जायची.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दोन बायका माझ्यासमोर थांबल्या. मागून फीबी येत होती, ती त्यांना दिसली नाही.

"ही बघ ती धाकटी. चित्रात तोंड केवढं उघडलंय!"

"आणि गा म्हटलं की नाक वर. म्हणे देवासाठी सोडलं. घमेंड गं, दुसरं काय."

"नाहीतर गळाच नसेल. बापाने चित्रात घालून दिला."

दोघी फिदीफिदी हसत आत गेल्या. फीबी तिथेच उभी राहिली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला डोळे वळवता येत नाहीत. आले असते तर वळवले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हार्नकाकांना घेऊन रिकाम्या दालनात आली.

"काका, माझं तोंड मिटा."

काकांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते खुर्चीत बसले. "पोरी, ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे."

"काम तुमचं असेल. तोंड माझं आहे."

काकांनी एकदा त्या ओठांकडे नीट पाहून घेतलं. मग उठले, घरी जाऊन रंगांची पेटी घेऊन आले, मला खाली उतरवून दोन खुर्च्यांवर टेकवलं. तेवढ्यात हेस्टर धावत आली. तिला वाटेत कोणीतरी सांगितलं असावं.

"थांबा! हात लावू नका."

"ताई, तू यात पडू नकोस."

"मीच पडायला पाहिजे. मी बसवलं तुला. ते ओठ तसेच राहू देत. रोज बघायला पाहिजेत मला. आणि मी बाबांना आताच सांगून आलेय, मी गाणं सोडलं."

"का?"

"का म्हणजे? तुझं मी घालवलं आणि माझं मिरवू?" हेस्टरचा श्वास लागला होता. "तुला ठाऊक नाही, फीबी. घसा खरंच दुखतोय हे मला कळलं होतं. तुझ्या गळ्याची पट्टी बघून मला... मला बरं वाटलं. म्हटलं, गुरुवारी ही नसेल. एक दिवस तरी लोक माझं एकटीचं ऐकतील. एक दिवस, बास. इतकं होईल असं वाटलं नव्हतं गं."

काका खाली बघत रंग घोटत राहिले. घोटायचं काही उरलं नव्हतं तरी.

फीबी पांढरीफटक पडली. "हे तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं."

"मला लपवता येईना."

"म्हणून माझ्या गळ्यात घातलंस. बरं." तिचा तो घोगरा आवाज आणखी खाली गेला. "आता ऐक. तू रोज या तोंडाकडे बघणार, रोज रडणार, आणि त्यासाठी मी जन्मभर लोकांसमोर तोंड वासून बसायचं? तुझ्या पश्चात्तापाला माझं तोंड कशाला हवंय?"

हेस्टरने तोंड फिरवलं.

"आणि गाणं सोडतेस? कोणाला विचारून? घरात एक गळा उरलाय, तोही उकिरड्यावर टाकणार. मग मी गिटार कोणाच्या मागे वाजवू, बाबांच्या खोकल्यामागे? तू गायचंस. रोज. मला ऐकवायचंस. एवढी शिक्षा तू भोगायचीस. काका, करा सुरू."

हेस्टर भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी आधी जाऊन दालनाचं दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या. मग माझ्यापाशी येऊन विचारलं, "कसे ठेवू? थोडं हसू देऊ का?"

"आहेत तसे काढा."

अर्ध्या तासात झालं. आधी न जमलेले मिटलेले ओठ या वेळी पहिल्या फटक्यात जमले. ना हसरे, ना रुसलेले. एका बाईने काहीतरी ठरवलंय आणि आता ती बोलणार नाही, तसे.

त्यानंतर चाळीस दिवस, ईस्टरआधीच्या उपवासाचे सगळे दिवस, फीबी बहिणीशी एक शब्द बोलली नाही. तालमीला मात्र रोज यायची. हेस्टर चुकली की गिटारच्या लाकडावर बोटाने टकटक करायची. हेस्टर पुन्हा म्हणायची. टकटक. पुन्हा. मी वरून बघत असायचे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी फीबी अचानक म्हणाली, "दुसरी ओळ फार घाईत म्हणतेस." हेस्टर तिथल्या तिथे खुर्चीत बसून हमसाहमशी रडली. फीबीने तिच्या हातात रुमाल दिला आणि म्हणाली, "झालं की पुन्हा घे. दुसऱ्या ओळीपासून."

हेस्टर आणखी चौदा वर्षं गायली. फीबी मुलींना शिकवू लागली. स्वतः गाऊन दाखवता येत नसे, म्हणून ती त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवून सांगायची, श्वास इथे घे, इथे नको. आणि एखादी म्हणाली, "बाई, घसा दुखतोय," की धडा तिथेच बंद. लबाडी असो की खरं, फीबी कधी विचारत नसे. मुली याचा भरपूर फायदा घ्यायच्या. ती घेऊ द्यायची.

दालन बंद पडल्यावर मी बहिणींच्या घरी आले. दोघींनी लग्न केलं नाही. फीबी आधी गेली, साठी उलटल्यावर. मग हेस्टर एकटी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायची. एकदा तिने मला विचारलं, "हिने मला माफ केलं होतं का गं?"

मला काय ठाऊक? ओठ मिटल्यावर मलाही काही सांगितलं नव्हतं तिने. पण एवढं मात्र खरं, की हेस्टर तिची माफी तरी मागू शकली. मी तेही नाही.

हेस्टर गेली. मी त्यांच्या एका चुलतभावाकडे गेले, मग त्याच्या मुलींकडे, मग माळ्यावर. तिथे धूर, धूळ आणि उंदीर यांच्यात माझं वार्निश काळंपिवळं पडलं. कोणाला माझी आठवण नव्हती आणि मला ते बरंच वाटत होतं. शेवटी जुन्या सामानाबरोबर माझा लिलाव झाला आणि फिरत फिरत मी या संग्रहालयात आले.

इथे म्युरिएल पास्क नावाच्या बाईंनी मला साफ करायला घेतलं. याला आता चाळीस वर्षं झाली. काडीला कापूस गुंडाळून इंच इंच पुसणाऱ्या फार सावकाश बाई. त्यांनी माझा एक्स-रे काढला आणि मिटलेल्या ओठांखाली उघडे ओठ दिसले. संग्रहालयाचे प्रमुख धावतच आले.

"वा! म्हणजे ती गात होती. वरचा रंग काढून टाका, म्युरिएल. कोणा उपटसुंभाने नंतर फासलेला दिसतो."

"तसं वाटत नाही, सर. हात तोच आहे. चित्रकाराने स्वतःच बदललंय."

"मग बदलून बिघडवलं त्याने. मूळ ते मूळ."

"मूळ कशाला म्हणायचं? पहिलं काढलं ते, की शेवटी ठेवलं ते?"

"म्युरिएल, मे महिन्यात प्रदर्शन आहे. गाणाऱ्या बहिणी म्हणून जाहिरात करायची, आणि एकीचं तोंड बंद?"

म्युरिएल बाई दोन दिवस माझ्याजवळ बसून राहिल्या. कापूस भिजवायच्या आणि ठेवून द्यायच्या. मी जीव एकवटून म्हणत होते, नका हो. तिने स्वतः मिटवून घेतलंय ते. पण खोटं कशाला बोलू? जुन्या ओठांवर उजेड पडणार म्हणून माझ्यातलं काहीतरी पुन्हा त्या सोमवारसारखंच हावरट झालं होतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी कापूस टेकवला. फीबीचा निश्चय बोटभर गुलाबी डागासारखा कापसावर आला आणि टोपलीत गेला.

मे महिन्यात रांगा लागल्या. तेव्हापासून माझं चित्र छापलेले कप, पिशव्या, कार्डं खालच्या दुकानात मिळतात. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, 'गाण्यात तल्लीन झालेल्या दोघी बहिणी'. एकीच्या घशात काटे टोचत होते आणि दुसरी तिला हात खाली ठेवायला सांगत होती, हे पाटीवर नाही.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी म्युरिएल बाई माझ्यासमोर आल्या. समोरच्या बाकावर बराच वेळ बसल्या. मग उठून अगदी जवळ आल्या, फीबीकडे बघून म्हणाल्या, "चुकलं माझं. मला नाही म्हणता आलं असतं." पहारेकऱ्याने लांबूनच हटकलं, "बाई, रेषेच्या मागे व्हा." इतकी वर्षं रोज मला हाताळणारी ती बाई निमूट रेषेच्या मागे झाली.

माझं सांगून झालं. शिक्षा काय मागू? भिंतीवरच आहे मी, जाणार कुठे? विनंती मात्र एक आहे. आणखी शंभर वर्षांनी माझ्यावर पुन्हा काजळी चढेल, आणि पुन्हा कोणीतरी कापूस घेऊन बसेल. त्याच्यापर्यंत हे कोणी पोहोचवलंत तर उपकार होतील. त्याला सांगा, चित्र बिघडलं तरी चालेल, हिचं तोंड मिट. आणि मिटताना खिडक्या लावून घे.